सुट्टीला किनाऱ्यावर गर्दी, गळाला मासा नाही, तिसऱ्याही बारीक: काय करता येईल?

पुणेरी_गळ
नमस्कार मंडळी. रायगड-रत्नागिरीकडच्या किनाऱ्यांबद्दल विचारतोय. ज्यांना शनिवार-रविवारच मोकळे, त्यांनी गरवायला (गळाने मासे धरायला) कधी आणि कुठे जावं? दिवाळीपासून मेअखेर दहा वाजले की वाळूवर गाड्या, पाण्यात माणसं, उथळात बनाना बोटी. जेट्टीवर शेजारी शेजारी काठ्या, त्यामुळे तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) गुंततो. गळाला शेंगाळ्याची पिल्लं, नाहीतर केंड. खाडीच्या तोंडाशी तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) शोधाव्यात तर उकरून उकरून वाळूची चाळण झालेली, आणि हाती येते ती बोटाच्या नखाएवढी. जाणकारांनी नीट तपशिलात लिहावं. कुठलं सामान घ्यायचं यापेक्षा कसं वापरायचं ते हवं आहे.

पाऊणपट
तुम्ही सुट्टी आधी बघताय आणि समुद्र नंतर, खरी अडचण तिथे आहे. आधी तिथी बघा.

जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच, आणि पहाटेच्या नि दुपारच्या दोन्ही भरत्यांना लागू. पूर्ण भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी संपून पाणी सगळ्यात खाली. रोज भरती पाऊण-एक तास पुढे सरकते, म्हणूनच पाऊणपट. हा हिशेब मुंबईच्या आसपास बसतो आणि त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी छापील तक्त्याशी किंवा मोबाइलवरच्या वेळेशी ताडून बघा. पण महिनाभर आधी बेत ठरवायला पंचांग पुरतं.

आता यातून काय निघतं ते बघा. पौर्णिमा-अमावास्येला भरती अकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे सुकती पहाटे पाच-सहाला आणि संध्याकाळी पाच-सहाला. पाणी सगळ्यात जास्त मागे हटतं ते पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी, म्हणजे द्वितीया-तृतीयेला, आणि तेव्हाची सुकती सकाळी साडेसात ते साडेआठ. उधाणाची मोठी सुकती आपल्याकडे भर दुपारी येतच नाही. दुपारी बाराला जी सुकती येते ती अष्टमीच्या भांगाची (उधाणाच्या उलट, कमी चढउताराच्या दिवसांची), पाणी जेमतेम हललेलं. पर्यटक किनाऱ्यावर उतरतो दहानंतर. म्हणजे तिसऱ्यांसाठी लागणारी सकाळची मोठी सुकती त्याच्या आधीच होऊन जाते.

चतुर्दशी ते चतुर्थी हे सहा दिवस धरा. सलग सहा दिवसांत शनिवार किंवा रविवार यांपैकी एक तरी येतोच. दर पंधरवड्याला एक दिवस हमखास मिळतो. तो तिसऱ्यांना द्या. अष्टमीच्या आसपासचा रविवार गरवायला ठेवा: पहाटे सहाच्या सुमारास भरती, ओढ कमी, पाणी निवळ.

शेंडीपाग
वरच्यात एक भर. भरती दक्षिणेकडून वर सरकते. मालवण-गोव्याकडे ती मुंबईच्या साधारण तासभर आधी लागते, रत्नागिरी मधे कुठेतरी. उलट खाडीत आत जाल तसा उशीर होतो. खाडीच्या तोंडाशी पाणी फिरलं तरी चार-पाच किलोमीटर आत ओहोटीच चालू असते. गर्दीच्या दिवशी याचा उपयोग करून घ्या. तोंडाशी पाणी चढायला लागून लोक बाहेर पडले की आत सरकायचं, तिथे अजून थोडा वेळ हातात असतो.

आणि उतार-चढावाचा अंदाज चुकवू नका. उधाणाला मुंबईत पाणी चार-पाच मीटर खाली-वर होतं. रत्नागिरी-मालवणात त्याच्या निम्मंच. मुंबईत जितकी वाळू उघडी पडते तितकी रत्नागिरीजवळ भाट्याला पडेल असं समजून जाल तर निराश व्हाल.

तंगूस
गरवण्याबद्दल सांगतो. सुट्टीच्या दिवशी मासा न लागण्याची कारणं बहुतेक वेळा तीन: गळ मोठा, शिसं जड, आणि फेक गरजेपेक्षा लांब.

मोकळ्या वाळूवर मुडदुशी असते (काही गावांत हिला रेणवी म्हणतात). ती लांब खोल पाण्यात नसते. पहिली लाट फुटते आणि दुसरी फुटते त्यांच्यामध्ये एक घळ असते, पाणी तिथे थोडं गडद दिसतं. मासा तिथे चरतो, काठापासून पंधरा-वीस मीटरवर. सत्तर मीटर फेकणारा माणूस माशाच्या डोक्यावरून फेकतो. पाव मिलिमीटर जाडीचा तंगूस, ८ किंवा १० नंबरचा गळ, २० ते ३० ग्रॅमचं सरकतं शिसं. सोललेल्या कोळंबीचा तुकडा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, गळाचं टोक उघडं. अख्खी कोळंबी लावली की मुडदुशी नुसती कुरतडते. फेकल्यावर स्वस्थ बसू नका. हातभर ओढायचं, पाच-सात सेकंद थांबायचं, पुन्हा ओढायचं. वाळू उडते ती बघून मासा येतो.

माणसं पाण्यात शिरली की उथळातली बोय आणि मुडदुशी लगेच लांब जातात. पण पायांनी वाळू ढवळली गेली की तिच्यातले किडे, बारीक खेकडे वर येतात. पोहणारे पाण्याबाहेर पडल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने मासा तिथेच परत येतो. त्यामुळे संध्याकाळी किनारा रिकामा झाला की जिथे सर्वात जास्त माणसं होती त्याच जागी फेका. हे अनेकांना पटत नाही, करून बघावं.

जेट्टी आणि खडकाशेजारी पालू. त्याला खेकडा आवडतो: शंखात राहणारा खेकडा शंख फोडून काढायचा, मऊ पोटाचा भाग गळावर. गळ ४ ते २ नंबर, पुढचा हातभर तंगूस ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, कारण कालवं आणि शिंपले चिकटलेल्या खांबाला घासून बारीक तंगूस तुटतो. खांबापासून हातभर लांब टाका, चिकटून नको.

बोय हवी तर तळाशी गरवू नका. तरंगतं बूच, खाली दीड-दोन हात तंगूस, १२-१४ नंबरचा गळ, कणकेची वाटाण्याएवढी गोळी. कणीक पाण्यात विरते म्हणून मळतानाच कापसाचे तंतू घालतात. तासभर आधीपासून चिमूटभर चुरा पाण्यात सोडत राहायचं, थोडं-थोडं, पण न थांबता. एकदम मूठभर टाकलं की बोय पोट भरून निघून जाते.

तांबोशी, जिताडा यांच्यासाठी वेगळंच सगळं: जिवंत बोय आठ-दहा सेंटिमीटरची, २/० ते ४/० गळ, पुढे ०.६० चा तंगूस, आणि वेळ म्हणजे पाणी फिरण्याच्या आधीचा नि नंतरचा पाऊण तास. यांच्यासाठी दिवसाढवळ्या गर्दीत उभं राहू नका, उपयोग नाही.

पुणेरी_गळ
तंगूसदादा, पाच मिनिटांत आमिष साफ होतं त्याला काय उपाय? आणि केंडाचं काय?

तंगूस
आमिष पाच मिनिटांत गेलं आणि काठीला झटका बसला नाही, तर खाली खेकडे आहेत. शिशाच्या वर दोन वीत अंतरावर आखूड फाटा काढून गळ तळापासून उचला, किंवा गळाशेजारी बोराएवढा थर्माकोलचा तुकडा लावा म्हणजे आमिष वर तरंगेल. शिवणकामाच्या बारीक इलॅस्टिक दोऱ्याने कोळंबी गळावर आठ-दहा वेढे बांधली तर टिकते.

तंगूस कात्रीने कापल्यासारखा तुटत असेल तर केंड. जागा बदला, पन्नास पावलं पुरतात. केंड विषारी आहे. कुणी काहीही सांगो, खाऊ नका, मांजरालाही घालू नका.

शेंगाळा लागला तर पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा पक्कडीने धरून आधी मोडा, मग गळ काढा. काटा लागलाच तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास ते तासभर बुडवून ठेवायचा. उष्णतेने वेदना उतरते. थर्मासमध्ये गरम पाणी न्यायची सवय लावून घ्या.

कोळीवाडा
गर्दीतल्या काठ्यांबद्दल. जेट्टीवर गुंता होतो तो माणसं जवळ असल्यामुळे कमी, शिसं वेगवेगळ्या वजनाचं असल्यामुळे जास्त. ओढ असलेल्या पाण्यात २० ग्रॅमचं शिसं वाहत जातं आणि ६० ग्रॅमचं जागेवर बसतं. हलक्याची दोरी शेजारच्याच्या दोरीवरून आडवी जाणारच. शेजाऱ्याला विचारा किती वजन लावलंय, तेवढंच लावा, आणि सगळ्यांनी नाकासमोर फेका. जेट्टीवर दोन माणसांत पाच-सहा मीटर, वाळूवर दहा. मागे माणूस आहे का ते वळून बघितल्याशिवाय काठी मागे न्यायची नाही. कुणाला मोठा मासा लागला तर दोन्ही बाजूंच्यांनी आपल्या दोऱ्या गुंडाळून घ्यायच्या, हे सगळीकडे पाळतात.

गर्दीत ब्रेडेड (विणलेली) दोरी नको. साध्या तंगूसाला ती करवतीसारखी कापते, आणि गुंता झाला की बोटंही.

तुटलेला तंगूस किनाऱ्यावर टाकू नका. बगळ्यांच्या पायात अडकतो, कासवांच्याही. वेळास, आंजर्ल्याला हिवाळ्यापासून कासवं अंडी घालायला वर येतात. त्या किनाऱ्यांवर रात्री विजेरीचे झोत मारत फिरू नये. आणि रापण (कोळी किनाऱ्यावरून ओढतात ते मोठं जाळं) ओढताना दिसली की आपली काठी उचलून बाजूला व्हायचं. ते त्यांचं पोट आहे, आपली हौस.

खाडीकाठ
तिसऱ्यांचं सांगते. नावं गावागणिक बदलतात: कुणी शिंपल्या म्हणेल, कुणी शिवल्या, खुबे वेगळे, मुळे वेगळे. मी वाळूमिश्र चिखलात सापडणाऱ्या तिसऱ्यांबद्दल लिहितेय. रत्नागिरीला भाट्ये आणि काळबादेवी या दोन्ही खाड्यांत त्या सापडतात.

गर्दी असते ती पायवाट खाडीत उतरते तिथे. तिथून दोनशे-तीनशे पावलं पाण्याच्या कडेकडेने चाला. अगदी कोरडी पांढरी वाळू नको, आणि पोटरीभर रुतणारा काळा चिखलही नको. पाऊल टाकलं की टाच दोन बोटं बुडते, पाणी भोवती गोळा होतं, ती जागा. ओहोटीचा शेवटचा दीड तास पाण्याच्या मागे मागे जायचं. जी वाळू महिन्यातून दोनदाच उघडी पडते तिथे मोठा माल राहतो, कारण रोज तिथे हात पोचत नाही. म्हणूनच द्वितीया-तृतीया.

खूण म्हणजे दोन बारीक भोकं जवळजवळ, किंवा चावीच्या भोकासारखी एकच फट. शेजारी पाय आपटला की पाण्याची पिचकारी उडते. तिसरी तीन-चार बोटंच खाली असते. चार बोटं वाकवून आडवी ओढायची, खणायचं नाही. पाणी गुडघ्याएवढं असेल तर टाचेने चाचपायचं.

चाळणीचं भोक किंवा जाळीचा फासा तीन सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. चाळण नसेल तर दहा रुपयांचं नाणं घ्या, ते २७ मिलिमीटरचं असतं. त्याच्याहून लहान शिंपली परत. परत म्हणजे फेकून नव्हे. ओल्या वाळूत बोटभर खाली दाबून ठेवायची. वर उन्हात पडली तर ती पुन्हा आत शिरण्याआधी बगळा किंवा घार उचलते.

वाळूपारखी
ताई, फावड्याने काम लवकर होतं. वाळू शेवटी भरतीने सपाट होणारच ना?

खाडीकाठ
सपाट होते, पण आतलं जीवन सावरत नाही. फावडं हातभर खाली जातं. खालची काळी, वास येणारी माती वर येते, तिच्यात प्राणवायू नसतो, आणि वरची बारीक पिल्लं त्या ढिगाखाली गुदमरून मरतात. एक तिसरी काढायला पन्नास पिल्लं मारून पुढच्या वर्षी बारीक मिळतात म्हणायचं, हे बरोबर नाही. शिवाय फावड्याने शिंपली फुटते, आणि फुटलेली एक टोपलीत गेली की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना वास. उकरलेला खळगा पायाने लोटून बुजवा.

केरळातल्या अष्टमुडी तलावाचं उदाहरण लक्षात घ्या. तिथे तिसऱ्यांच्याच जातीतल्या शिंपल्यांची बेसुमार काढणी झाली तेव्हा माल घटला. मग डिसेंबर ते फेब्रुवारी, अंडी घालण्याच्या महिन्यांत, काढणी बंद आणि जाळीचा फासा किमान ३० मिलिमीटर असे नियम झाले. माल सावरला, आणि २०१४ मध्ये त्या व्यवसायाला शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं.

आपल्याकडे खाडीकाठच्या बायकांचा दिवस तिसऱ्यांचे वाटे (ढीग) विकून चालतो. फिरायला आलेल्यांनी एका जेवणापुरतं, माणशी अर्धा-पाऊण किलो शिंपल्यासकट, एवढंच न्यावं. जिथे बायका ओळीने बसल्या असतील तिथे त्यांच्या पुढे जाऊन उकरू नये, मागे किंवा लांब बसावं. मनाजोगतं मिळालं नाही तर त्यांच्याकडून वाटा विकत घ्या.

सिएटलकर
इथल्या वॉशिंग्टन राज्यातली पद्धत सांगतो. समुद्रकिनाऱ्यावरच्या रेझर क्लॅमसाठी परवाना लागतो. दिवसाला माणशी १५, आणि पहिल्या १५ हाती लागतील त्या, लहान असोत वा फुटलेल्या, ठेवाव्याच लागतात. कारण ही शिंपली काढताना फुटते, आणि मोठी मिळेपर्यंत लहान टाकत गेलं तर मेलेल्यांचा हिशेबच राहत नाही. प्रत्येकाची पिशवी वेगळी हवी. आधी विषाची तपासणी होते, मगच किनारा काही दिवसांपुरता खुला करतात. तिसरी जाड शिंपल्याची, नीट परत ठेवली तर जगते, म्हणून तुमच्याकडे लहान परत ठेवण्याचा ताईंचाच नियम योग्य.

शेंडीपाग
पाणी चढताना काय होतं ते प्रत्येकाने समजून घ्या. पूर्ण सुकतीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. पहिला तास काहीच होत नाही असं वाटतं. खाडीतल्या वाळूच्या उंचवट्यावर माणूस वाकून तिसऱ्या काढत असतो, आणि त्याच्या पाठीमागची घळ आधी भरते. समोर पाणी अजून लांब दिसतं, मागे कमरेएवढं झालेलं असतं. पोहता येणं इथे पुरत नाही, उधाणाची ओढ फार असते. पूर्ण सुकती झाली की अर्ध्या तासात मधली घळ ओलांडून काठाच्या बाजूला या, मग उरलेलं काम तिकडे करा.

पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, सरकवत चाला. वाळूत पाकट असेल तर पायाचा धक्का लागून निघून जाते. वर पाय पडला तर शेपटीचा काटा मारते.

कातळावर गरवणाऱ्यांनी आधी दहा मिनिटं नुसतं बघावं. लाटा सारख्या नसतात, बऱ्याच लहान लाटांनंतर दोन-तीन मोठ्या येतात. हिरवं शेवाळ जिथवर ओलं आहे तिथवर लाट येते. त्याच्या वर उभं राहा आणि समुद्राकडे पाठ करू नका. मालवणात सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासून. तिथे गळ टाकण्याआधी वनखात्याकडे चौकशी करा. प्रवाळ तर कुठेच तोडायचं नाही, वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

वाळूपारखी
फावडं बंद. तिसऱ्या पुण्यापर्यंत जिवंत कशा न्यायच्या? घरी गेल्यावर वाळू कचकचते.

खाडीकाठ
पाण्याच्या बादलीत नेऊ नका, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि तासा-दोन तासांत मरतात. प्लास्टिकची पिशवी गाठ मारून तर मुळीच नको. खाडीच्याच पाण्यात भिजवलेलं गोणपाट, त्यात गुंडाळून टोपलीत, सावलीत. बर्फ न्यायचा तर खाली ठेवा, मधे कागदाचा जाड थर. बर्फाचं गोडं पाणी शिंपल्यांना लागलं की त्या मरतात.

निघतानाच खाडीचं चार-पाच लिटर पाणी सोबत घ्या, कापडातून गाळून. वाळू काढायला तेच उत्तम, कारण त्यांच्या सवयीचा खारेपणा त्यात असतो. ते नसेल तर लिटरला साधारण ३० ग्रॅम मीठ, आणि नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडू दिलेलं. पसरट परात, तिच्यात पालथी चाळण, चाळणीवर तिसऱ्यांचा एकच थर, पाणी जेमतेम वर. चाळण अशासाठी की ओकलेली वाळू खाली जाते आणि पुन्हा आत ओढली जात नाही. वर फडकं टाकून अंधार करा. चार ते सहा तास, मधे एकदा पाणी बदला. साध्या पाण्यात टाकल्या तर त्या तोंडच उघडत नाहीत आणि वाळू आतच राहते.

उघडी दिसणारी तिसरी टिचकी मारूनही मिटली नाही तर मेलेली, टाकून द्या. बंद आणि इतरांपेक्षा जड लागणारी असेल तर दोन बोटांनी शिंपले आडवे सरकवून बघा. सरकले तर आत चिखल भरलेला आहे. अशी एक कालवणात गेली की सगळं भांडं वाया.

शहराचं सांडपाणी उतरतं त्या खाडीतलं काहीही खाऊ नका. शिंपली पाणी गाळून जगते, पाण्यात असेल ते तिच्यात साठतं. समुद्राचा रंग लाल-तपकिरी झालेला दिसला किंवा किनाऱ्यावर मेलेले मासे आले तर त्या भागातल्या तिसऱ्या, कालवं, शिनाणे सगळं बंद. १९८३ साली मंगळूरजवळ कुंबळ्याला शिंपल्या खाऊन विषबाधा झाली होती, त्यात एक मृत्यूही झाला. हे विष शिजवल्याने जात नाही.

पुणेरी_गळ
सगळ्यांचे मनापासून आभार. एक शेवटचं: रविवारी तृतीया असेल आणि गरवणं नि तिसऱ्या दोन्ही करायचं असेल तर वेळा कशा लावाव्यात?

पाऊणपट
तृतीयेची भरती सव्वादोनला, म्हणजे मुंबई-अलिबागकडे सुकती साडेआठच्या आसपास. रत्नागिरीला थोडी आधी, तक्ता बघून नक्की करा. पहाटे साडेपाचला वाळूवर, उजाडेपर्यंत ओहोटीत मुडदुशी, शिसं ३० ग्रॅमच्या खाली नको कारण उधाणाची ओढ असते. पावणेसातला काठी गुंडाळा आणि पाण्याच्या मागे तिसऱ्यांना. पावणेनऊला घळ ओलांडून काठाकडे. दहाला गर्दी उतरेल तेव्हा तुम्ही तिसऱ्या गोणपाटात बांधून सावलीत असाल. मग दुपारी सव्वादोनच्या भरतीला वाळूवर थांबू नका, खाडीत आत एखाद्या शांत धक्क्यावर जा. तिथे भरती तुमच्यासाठी अजून अर्धा-पाऊण तास चालू असेल, आणि पालू चढत्या पाण्यातच खांबाशी येतो.